ठाण्यातील फ्लॅटमध्ये कासवासाठी सुरक्षित यूव्हीबी दिवा कोणता घ्यावा?

कासारवडवलीकर
नमस्कार. आमच्याकडे दोन वर्षांपासून रेड-इअर्ड स्लायडर जातीचे पाणकासव आहे. घर चौथ्या मजल्यावर, उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे थेट ऊन येत नाही. कवचाची कड मऊ लागू लागली, तेव्हा पशुवैद्यांनी कॅल्शियमसोबत यूव्हीबी (उन्हातले ठरावीक अतिनील किरण देणारा) दिवा लावायला सांगितले. त्याच खोलीत माझी तीन वर्षांची मुलगी खेळते, म्हणून दोघांच्याही डोळ्यांना अपाय होणार नाही असा दिवा हवा आहे. बजेट १,५०० रुपये असून त्यापलीकडे सध्या जाता येणार नाही. इमारतीतील इलेक्ट्रिशियन म्हणतात की पाण्याच्या फिल्टरमधील यूव्ही ट्यूब स्वस्तात मिळते, तीच लावावी. चालेल का?

खारघर_सेक्टर१२
माझ्याकडे रीतसर नोंदणी केलेले सुलकाटा जातीचे जमिनीवरील कासव आहे. त्याच्यासाठी मी ५४ वॅटची टी५ (लांब, बारीक) यूव्हीबी ट्यूब रिफ्लेक्टरसह बसवली आणि यूव्ही निर्देशांक (किरणांची तीव्रता) मोजण्यासाठी सोलरमीटर ६.५ घेतला. मीटरची किंमत बाकी सगळ्या मांडणीहून जास्त झाली. पण ऊन खाण्याच्या जागी निर्देशांक ३ च्या आसपास आहे, हे मी अंदाजाने नव्हे, तर मोजून सांगू शकतो. १,५०० रुपयांत हे होणार नाही. थोडे थांबा, पण टी५च घ्या.

कळवा_पूर्व
कासारवडवलीकर, ती फिल्टरची ट्यूब कृपया घरात आणूसुद्धा नका. २०२१ मध्ये मी हीच चूक केली होती. ट्यूबवर ‘यूव्ही’ लिहिले होते, प्रकाश निळसर होता आणि दुकानदाराने कासवाला चालेल म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी कासवाने डोळे उघडले नाहीत. टाकी साफ करताना मी पंधरा-वीस मिनिटे त्या उजेडात होतो, तर रात्री माझ्याही डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागली. जंतू मारणाऱ्या त्या ट्यूबमधून मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे यूव्हीसी किरण निघतात, तर कासवाच्या त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी लागते. सूर्याचे यूव्हीसी वातावरणातच अडते, त्यामुळे कोणत्याही प्राण्याचा डोळा त्यासाठी घडलेला नाही. कासवाला बरे व्हायला तीन आठवडे लागले. घरात लहान मूल असताना तर ही ट्यूब उघडी पेटवणे फारच धोक्याचे आहे.

वाशीचे_आजोबा
आमचे कासव अकरा वर्षांचे आहे आणि त्याने आजवर दिवा पाहिलेला नाही. मी त्याला रोज सकाळी सात वाजता गच्चीवर नेतो. उन्हासारखे दुसरे काही नाही. दिव्यावर पैसे घालवू नयेत.

खारघर_सेक्टर१२
आजोबा, सात वाजता सूर्य खाली असतो, तेव्हा यूव्हीबी अगदी कमी मिळते. नऊनंतर न्यावे. शिवाय काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवू नये: काच यूव्हीबी अडवते, आणि आतले पाणी तापून कासव दगावू शकते.

वाशीचे_आजोबा
आम्ही प्लास्टिकच्या उघड्या टबात नेतो आणि अर्ध्या टबावर फळी ठेवतो, म्हणजे त्याला सावलीत जाता येते. अकरा वर्षे काही बिघडले नाही.

मीरा_कोपरी
कळव्याच्या सदस्यांचे दुःख समजते; पण पाणकासवाचे डोळे सुजण्याचे एक नेहमीचे कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता हेही असते. नुसत्या वाळलेल्या झिंग्यांवर वाढलेल्या माझ्या कासवाचे डोळे कोणताही दिवा नसताना सुजले होते.

कळवा_पूर्व
माझे कासव चांगले खात होते. आणि माझे स्वतःचे डोळे तर अ जीवनसत्त्वामुळे जळाले नव्हते.

ऐरोली_नाका
वर सांगितलेच आहे, टी५ घ्या. कॉम्पॅक्ट (सीएफएलसारखा छोटा यूव्हीबी) बल्ब मात्र घेऊ नका, त्याने डोळे जातात. माझ्या मावशीच्या स्टार कासवालाही टी५च आहे.

दिघा_डोंगर
स्टार कासव पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. मावशींनी वनविभागाशी बोलावे.

कॉम्पॅक्टबद्दलची भीती अगदी निराधार नाही. २००० च्या दशकात काही कॉम्पॅक्ट बल्बांमधून उन्हात नसलेले, फार कमी तरंगलांबीचे किरण निघत आणि त्यांनी अनेक सरड्या-कासवांचे डोळे सुजले. नंतर नामांकित कंपन्यांनी ते दोष दुरुस्त केले. आज मला जास्त भीती वाटते ती नाव नसलेल्या स्वस्त बल्बांची. त्यांतले काही तर ‘यूव्हीए यूव्हीबी’ असा शिक्का मारलेले साधे उष्णतेचे बल्ब असतात आणि त्यांतून यूव्हीबी जवळजवळ मिळतच नाही.

दिवा कोणताही घ्या, पण तो कासवाच्या बरोबर डोक्यावर लावा. बाजूने लावला तर प्रकाश थेट बुबुळात जातो. वरून आला तर भुवईच्या कडेची सावली डोळ्यावर पडते. मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक नको, आणि बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते. पाकिटावरील अंतर फूटपट्टीने मोजा. तोंड खाली असलेल्या खोलगट शेडमध्ये दिवा असेल, तर खोलीत खेळणाऱ्या मुलीपर्यंत फारच थोडे किरण पोचतील. मात्र तिचा हात पोचेल अशा उंचीवर तो नको. शेड साखळीने पक्की बांधा आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटात जाणार नाही. प्रकाश दिसत राहिला तरी यूव्हीबी घटत जाते, म्हणून पाकिटावरील मुदतीनुसार, बहुधा सहा ते बारा महिन्यांनी, दिवा बदलावा लागतो.

मीरा_कोपरी
समुद्रफेसही टाकीत ठेवा. कॅल्शियम नसेल तर दिवा एकटा काय करणार?

कासारवडवलीकर
सर्वांचे मनापासून आभार. फिल्टरच्या ट्यूबला इलेक्ट्रिशियनना नकार कळवला आहे. टी५ बजेटात बसत नाही आणि गच्चीला सोसायटीचे कुलूप असते, म्हणून मी नामांकित कंपनीचा १३ वॅटचा कॉम्पॅक्ट बल्ब व खोलगट शेड घेतली. बहुतेकांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे. पण त्याच्या झोताची जागा लहान असते आणि आमच्या कासवाचा ऊन खाण्याचा दगड जेमतेम वीतभर आहे, त्यामुळे बल्ब बरोबर दगडावर येतो. पाकिटावरील अंतर फूटपट्टीने मोजून साखळी बांधली आहे आणि टायमर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असा लावला आहे. बल्बच्या बुडावर आजची तारीख लिहिली. डोळ्यांवर लक्ष ठेवून आहे; पंधरा दिवसांनी पशुवैद्यांना कवच दाखवून इथे कळवते.