मदत हवी आहे : अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मेंदूच्या आवरणाचा संसर्ग

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी २८व्या आठवड्यात जन्मली. वजन जेमतेम १,०५० ग्रॅम होते. बाराव्या दिवशी ताप वगैरे काही नसताना ती मलूल झाली, श्वास मधूनमधून थांबू लागला आणि नळीने दिलेले दूध पचेनासे झाले. पाठीतले पाणी तपासल्यावर क्लेबसिएला जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाल्याचे कळले. अशा संसर्गात किमान २१ दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. मेरोपेनेमचा तो कोर्स परवा पूर्ण झाला.

मात्र टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूतील पोकळ्या किंचित रुंदावलेल्या दिसल्या, म्हणून परिचारिका रोज टेपने डोक्याचा घेर मोजतात, आणि तो आकडा पाव सेंटिमीटरने वाढला तरी आमच्या तोंडचे पाणी पळते.

डॉक्टरांचा सल्ला आम्ही पाळतोच आहोत. तरीही ज्यांच्या बाळाने हे सोसले आहे, त्यांनी कृपया सांगावे : घरी आणल्यावर घेर किती दिवसांनी मोजत होता, शंट (मेंदूत साचलेले पाणी पोटात वळवणारी नळी) बसवण्याचा निर्णय कशावरून झाला आणि श्रवणाची बेरा चाचणी केव्हा केली? शिवाय साताऱ्याच्या आसपासच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (वाढीत अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या सरकारी केंद्रात) अशा बाळांना फिजिओथेरपी नियमित मिळते का?