गोष्ट सांगायला तुम्ही कुठे शिकलात?

सायली_तळेगाव
काल शेजारच्या काकू शुक्रवारची कहाणी वाचत होत्या. आमची आजी ती पुस्तक न उघडताच सांगायची. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहिणीला पंगतीतून उठवतो. पुढे तिचे दिवस पालटतात, तो जेवायला बोलावतो, तर ही दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक घास त्यांच्यावर ठेवते. 'तिला फार वाईट वाटलं' असं काही नाही, तरी लहानपणी माझ्या घशात आवंढा यायचा. आता कथा लिहिताना भावनेचं नाव आलं की मी ते खोडते आणि त्या जागी पात्राच्या हाताला काम देते. तुम्ही कुणाकडून शिकलात? सविस्तर लिहा.

अबोली
ती सरीवर घास ठेवते ना!! काटा आला वाचताना. कुकर लावलाय, नंतर लिहिते

नाना_वाईकर
कीर्तन. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान ऐन रंगात आलं की बुवा थांबून पद घेणार. आम्ही पोरं झोप विसरून बसायचो. प्रकरण कुठे तोडायचं ते तिथेच कळलं. हल्लीच्या कथांत सगळं आधीच सांगून टाकतात.

कुडाळकर
पिंगुळीची चित्रकथी बघा कुणीतरी. चित्रांच्या गठ्ठ्याला पोथीच म्हणतात. एक चित्र समोर धरायचं, तेवढाच प्रसंग गाऊन सांगायचा, मग पुढचं. परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मी कथेचा आराखडा असाच करतो, चित्र काढता येणार नाही असा प्रसंग ठेवत नाही.

मीरा_ठाणे
पिंगुळीला जायचं कसं? मे महिन्यात मालवणला जातोय, मुलांना दाखवीन

कुडाळकर
कुडाळ स्टेशनवरून रिक्षा करा, जवळच आहे. संग्रहालयही आहे तिथे.

अबोली
आले. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर तिघं मिळून कथाकथनाला गावोगाव जायचे, बाबांनी ऐकलंय. बाबा म्हणायचे, लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात ते बोलणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून मी कथा फोनवर रेकॉर्ड करते आणि भाकऱ्या थापताना ऐकते. संवाद खोटा असेल तर कानाला लगेच टोचतो. सासूबाईसुद्धा ऐकतात, 'असं कोण बोलतं गं?' म्हणाल्या की ते वाक्य गेलंच.

नाना_वाईकर
सासूबाईंना नमस्कार सांगा, संपादक व्हायला हव्या होत्या 😀

रानवारा
मला गोष्टी आई सांगायची. गेल्या वर्षी गेली. एकही रेकॉर्ड केलेली नाही.

सायली_तळेगाव
रानवारा, आठवतात तशा लिहून काढा, तिच्याच शब्दांत. तुटक असल्या तरी इथे टाका. आम्ही वाचू.

अबोली
हो, नक्की टाका. वाट बघते.

मीरा_ठाणे
सरी म्हणजे ठुशीसारखीच का? लेक विचारतेय

नाना_वाईकर
नाही, ठुशी मण्यांची. सरी सोन्याची, कडक, गळ्याभोवती कड्यासारखी बसते.