मदत हवी आहे: क्रुसाखाली पहारा देणारे रोमन शिपाई रंगमंचावर खरे कसे दाखवावेत?

नमस्कार.

मी एक दीर्घांक लिहीत आहे. इ.स. 30 च्या सुमारास जेरुसलेमच्या वेशीबाहेर, क्रुसाच्या पायथ्याशी पहाऱ्यावर असलेले चार शिपाई आणि त्यांचा शताधिपती एवढीच त्यातली पात्रे आहेत. येशू प्रेक्षकांना दिसत नाही. संहिता जवळपास पूर्ण झाली आहे, परंतु शिपायांचा वेश आणि त्यांचे प्रत्यक्ष काम यांबाबत रोमन इतिहासाच्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण ड्रेपरीवाल्याकडे लक्षात आली. त्यांनी दाखवलेल्या पेटीत सोनेरी प्लॅस्टिकचे छातीकवच, लालभडक झगा आणि प्रत्येक शिरस्त्राणावर ब्रशासारखा तुरा होता. पवित्र शुक्रवारच्या देखाव्यांना हेच कपडे जातात, त्यामुळे आपल्याकडे रोमन शिपाई म्हटला की हेच रूप डोळ्यांपुढे येते. माझे शिपाई मात्र असे नसावेत, असे मला मनापासून वाटते. त्या काळी यहूदीया प्रांतात एकही लीजन, म्हणजे रोमन नागरिकांचे मोठे सैन्यदल, कायमच्या मुक्कामाला नव्हते. लीजने शेजारच्या सिरियात होती. कैसरियात 1961 मध्ये सापडलेल्या शिलालेखात येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पंतय पिलाताचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’, म्हणजे प्रांताचा रोमन अधिकारी, असा आहे, आणि त्याच्या हाताखाली होत्या त्या साहाय्यक पलटणी, म्हणजे बहुतांशी रोमन नागरिक नसलेल्यांच्या तुकड्या. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफसने लिहिल्याप्रमाणे त्यांतला मोठा भरणा कैसरिया आणि सबास्ते या तिथल्याच शहरांतला होता. म्हणजे माझ्या चौघांनी बहुधा रोम पाहिलेलेही नाही, आणि ते आपापसात ग्रीक किंवा अरामी बोलतात. म्हणूनच त्यांच्या तोंडी मी भारदस्त मराठी न घालता चौकीवरची साधी भाषा घातली आहे.

वेश मी असा ठरवला आहे: आडव्या पत्र्यांच्या चिलखताऐवजी कड्यांचे चिलखत, चौकोनी ढालीऐवजी लंबगोल सपाट ढाल, हातात साधा भाला, न रंगवलेल्या लोकरीचा अंगरखा आणि तळव्याला खिळे ठोकलेल्या चपला. या चपलांबद्दल जोसिफसने एक प्रसंग सांगितला आहे. जेरुसलेमच्या वेढ्यात युलियानस नावाचा शताधिपती मंदिराच्या फरसबंदीवर खिळ्यांमुळे घसरून पडला आणि मारला गेला. तो खिळ्यांचा आवाज मला पडदा उघडण्यापूर्वीच ऐकवायचा आहे.

कामाबाबत योहानाच्या शुभवर्तमानात शिपाई येशूच्या कपड्यांचे जे ‘चार वाटे’ करतात त्यांवरून चौघांची तुकडी पक्की होते. पहारा कशासाठी, हे रोमन लेखक पेट्रोनियसच्या एका कथेतून कळते: शिपाई जागेवरून हलतो, तेवढ्यात नातेवाईक क्रुसावरचे प्रेत उतरवून नेतात आणि शिपायाला स्वतःच्या शिक्षेची धास्ती पडते. शुभवर्तमानातली ‘आंब’ हे तर शिपायांचेच रोजचे पेय, पाणी घातलेला आंबट द्राक्षारस. म्हणजे क्रुसावरच्या येशूच्या ओठांशी धरलेला स्पंज बुडवला जातो तो त्यांच्याच भांड्यात. माझ्या दीर्घांकाचा कणा हाच क्षण आहे: दिवसभराच्या उन्हात उरलेल्या त्या भांड्यातून एक जण परक्या माणसाला वाटा देतो.

आता माझे प्रश्न. जेरुसलेमच्या उत्तरेला 1968 मध्ये सापडलेल्या, क्रुसावर दिलेल्या एका माणसाच्या टाचेच्या हाडात सुमारे 11.5 सेंटिमीटरचा लोखंडी खिळा आडवा गेलेला असून त्याचे टोक वाकलेले आहे. असा खिळा ठोकणे हे सवयीच्या हाताचे काम वाटते. इटलीतील पुतेओली येथील शिलालेखात क्रुसावर देण्याचे काम ठेकेदाराच्या माणसांकडे दिलेले दिसते. मग यहूदीयात हातोडा शिपायानेच उचलला, असे दाखवणे योग्य ठरेल का? चौघांपैकी एकच जण त्यात तरबेज असून बाकीचे त्याच्यापासून थोडे अंतर राखतात, असे मी लिहिले आहे. ते पटण्यासारखे आहे का? साहाय्यक पलटणीतल्या शताधिपतीला आडवा तुरा आणि द्राक्षवेलीची छडी द्यावी, की ती खूण लीजनच्या शताधिपतीपुरतीच ठेवावी?

शेवटचा प्रश्न नाटकवाल्यांसाठी आहे. कड्यांच्या चिलखतासाठी जाड सुतळी सैलसर विणून तिला चंदेरी रंग दिला, परंतु दिव्यांखाली ते स्वेटरसारखे दिसते. आधी काळा रंग देऊन त्यावर कोरड्या ब्रशाने चंदेरी फिरवल्यास फरक पडतो का? कोणी असे चिलखत केले असल्यास कृपया कृती सविस्तर लिहावी. पाच चिलखते तालमींपूर्वी तयार करायची आहेत.