रुंद टायर आणि ॲक्सलचा मंजूर भार
मालट्रकच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन टायर, म्हणजे जोडटायर, न बसवता एकच रुंद टायर बसवला तर गाडीचे स्वतःचे वजन घटते आणि डिझेल वाचते, असे म्हटले जाते; ते मला मान्य आहे. जोडटायरांच्या फटीत रुतलेला दगड पहारीने काढल्यावर आतल्या टायरची चिरलेली बाजू ज्याने पाहिली आहे, त्याला एकेरी टायरचा फायदा लगेच पटेल. परंतु मंजूर भाराचा, म्हणजे ॲक्सलवर कायद्याने किती भार चालतो याचा, मुद्दा त्यात राहून जातो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत ॲक्सलची वर्गवारी टायरांच्या संख्येवर केलेली असून चार टायरांच्या (जोडटायरांच्या) एकेरी ॲक्सलला ११.५ टन, तर दोन टायरांच्या (रुंद टायर बसवलेल्या) ॲक्सलला ७.५ टन भार मंजूर आहे. वजनावर भाडे मिळणाऱ्या मालासाठी हा चार टनांचा फरक डिझेलच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

म्हणून मी जोडटायरच निवडेन. आतल्या टायरची हवा मात्र टायरवर हातोडी मारून येणाऱ्या आवाजावर न विसंबता मापकानेच तपासावी, कारण ती उतरली की जोडीचा जवळजवळ सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो.