मदत हवी आहे: डॅशकॅमचा व्हिडिओ आणि कोर्टातली साक्ष

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नागपुरात मानेवाडा रिंग रोडवर एक पांढरी गाडी उलट्या दिशेने सुसाट आली आणि माझ्यापुढच्या स्कूटरवाल्या काकांना उडवून गेली. हँडलला अडकवलेली पिशवी फाटली, संत्री रस्ताभर घरंगळली, काका दुभाजकापाशी आडवे. पाय मोडला, जीव वाचला. चालक थांबलासुद्धा नाही!

नंबर प्लेटसकट सगळं माझ्या डॅशकॅममध्ये (गाडीतल्या कॅमेऱ्यात) आलंय. पोलिसांत जबाब दिला, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली (बेदरकारपणे गाडी चालवणं) गुन्हा दाखल झाला. आता सिव्हिल लाइन्सच्या कोर्टातून साक्षीचं समन्स आलंय.

व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला होता; मूळ मेमरी कार्ड मात्र घरी जपून ठेवलंय. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) आणि तज्ज्ञाची सहीही असते. नागपुरात हे कोण करून देतं? कार्ड सोबत न्यायचं का? आणि उलटतपासणीत ‘वेग किती होता’ विचारलं तर? आकडा मी कसा सांगणार, जे पाहिलं तेच सांगेन.

‘मिटवून घ्या’ असे दोन फोन येऊन गेलेत. काका अजून वॉकर धरून चालतात, मी मागे हटणार नाही. कोणी अशी साक्ष दिली असेल तर कृपया सांगा.