हेलियमच्या रेषा उष्ण ताऱ्यांतच ठळक का दिसतात?

प्रश्न
सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाव भाग हेलियम आहे, तरीही सूर्यपृष्ठाच्या दृश्य वर्णपटात त्याच्या शोषणरेषा (अणूंनी प्रकाश शोषल्याने उमटणाऱ्या काळ्या रेषा) आढळत नाहीत. मृग नक्षत्राच्या पट्ट्यातील मिंटाकामध्ये मात्र ४४७.१ नॅनोमीटरची रेषा स्पष्ट असते. तिथे हेलियम अधिक आहे असे समजावे का? अशा ताऱ्याचे तापमान काढण्यासाठी कोणत्या रेषा मोजाव्यात?

प्रतिसाद १
हा फरक हेलियमच्या प्रमाणाचा नसून तापमानाचा आहे. ही रेषा उमटण्यासाठी अणूतील इलेक्ट्रॉन आधीच सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वरच्या पातळीवर असावा लागतो, आणि सूर्यपृष्ठाच्या ५,८०० केल्विन तापमानाला असे अणू जवळजवळ नसतातच. सुमारे २०,००० केल्विनला, म्हणजे बी२ या वर्णपट-वर्गाच्या आसपास (ओ हा सर्वांत उष्ण वर्ग, बी त्याखालचा; अक्षरापुढचा आकडा जितका मोठा तितका तारा थंड), उदासीन हेलियमच्या रेषा सर्वांत गडद होतात. त्याहून उष्ण ताऱ्यांत अधिकाधिक अणू आपला एक इलेक्ट्रॉन गमावतात, त्यामुळे या रेषा फिकट होत जाऊन आयनीभूत हेलियमच्या रेषा बळावतात. तापमानानुसार किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील हे सांगणाऱ्या मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणाचे सामर्थ्य मला इथे सर्वाधिक जाणवते.

प्रतिसाद २
ओ वर्गासाठी उदासीन हेलियमची ४४७.१ आणि आयनीभूत हेलियमची ४५४.१ या दोन रेषांचे गुणोत्तर काढावे. ओ७ ताऱ्यात त्या सारख्याच तीव्रतेच्या असतात, ओ९.५ च्या मिंटाकात पहिली बरीच वरचढ ठरते. बी८ वर्गाच्या राजन्य (रायजेल) ताऱ्यात दुसरी रेषा नसतेच, म्हणून तिथे शेजारच्या मॅग्नेशियमच्या ४४८.१ रेषेशी तुलना करतात. ४६८.६ ची रेषा मात्र तापमानासाठी वापरू नये, कारण तेजस्वी महाताऱ्यांत ताऱ्यापासून बाहेर वाहणाऱ्या वायूच्या वाऱ्यातून येणारा प्रकाश ती भरून काढतो. झीटा पपिस या ओ वर्गाच्या महाताऱ्यामध्ये तर ती उत्सर्जनरेषा (तेजस्वी रेषा) म्हणूनच दिसते. शिवाय मिंटाका हा ५.७ दिवसांत परिभ्रमण करणारा जोडतारा असल्याने त्याच्या रेषा सरकत राहतात. म्हणून सुरुवातीला १० लॅसर्टी हा तारा घ्यावा. तो ओ९ वर्गाचा असून त्याच्या रेषा अरुंद आहेत.

प्रतिसाद ३
एक पुरवणी. ४५४.१ ही रेषा ज्या मालिकेतली आहे, ती खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांना झीटा पपिसमध्येच आढळली होती आणि ती हायड्रोजनची मानली गेली. ती आयनीभूत हेलियमची असल्याचे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी १९१३ मध्ये दाखवले. या मालिकेतील एकाआड एक रेषा हायड्रोजनच्या रेषांना जवळजवळ चिकटून असतात. उदाहरणार्थ, एच-बीटा या हायड्रोजनच्या रेषेपासून जेमतेम ०.२ नॅनोमीटरवर तिच्यातील एक रेषा आहे, त्यामुळे ओ ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषांची रुंदी मोजताना हेलियमचा वाटा वेगळा काढावाच लागतो.