पहिली मोटरसायकल सरळ 350 सीसी? अजिबात नाही

रामबागकर
काल एकाने इथे ठणकावून लिहिलं, "नवशिक्यांनो, 125 म्हणजे पैसे पाण्यात. लगेच कंटाळाल. पहिलीच गाडी 350 घ्या." हे वाचून माझा भाचा घरी हटून बसलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 भरते 195 किलो, 100 सीसीची स्प्लेंडर 112 च्या आसपास. हा फरक बायपासवर कळत नाही. कळतो तो इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर रांगताना, नाहीतर उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना. नवा माणूस आडवा होतो तो अशाच जागी. दुसरं, घाबरला की तो पुढचा ब्रेक आवळतो. अशा वेळी चाक जाम होऊ देत नाही ते एबीएस. एप्रिल 2019 पासून 125 च्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, 125 पर्यंत सीबीएसवर, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो त्यावर, भागवलं गेलं. म्हणून माझं मत 150-160: वजन दीडशेच्या आत आणि एबीएस.

महू नाका
दादा, नुसते सीसी मोजून काय होतं? क्लासिकची ताकद 20 बीएचपी, तीही इंजिन कमी फेऱ्यांवर असताना, शांतपणे मिळणारी. केटीएमची ड्यूक 200 तिच्याहून जोरकस, 25 पीएस (बीएचपीच्या जवळपासचंच माप). मग 200 वाला पोरगा नवशिका आणि 350 वाला वेडा? माझी पहिलीच गाडी 350. मानपूर घाट उतरलोय, आजवर पडलो नाही. शिवाय सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंत जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय. दोनदा गाडी कशाला घ्यायची?

रामबागकर
ड्यूकचं मान्य, ती मीही पोराच्या हाती देणार नाही. पण तुम्ही पडला नाहीत हा पुरावा नव्हे. ब्रिटनमध्ये सतरा वर्षांच्या पोराला 125 सीसी आणि 11 किलोवॅटच्या वर जाऊ देत नाहीत. आपल्याकडे गिअरवाल्या गाडीचा परवाना मिळाला, की दुसऱ्या दिवशी 650 वर बसा, कुणी अडवत नाही.

सुदामा नगरची सून
सगळे पुरुष आपापली उंची धरून बोलताय. माझे पाय 805 मिलिमीटरच्या सीटवरून धड टेकत नाहीत. मी सासऱ्यांच्या 100 सीसीवर शिकले, तिची सीट 785. एवढ्याशा फरकाने धीर येतो. आधी गाडीवर बसून बघा, सीसी मग विचारा.

जुना इंदूरकर
इंजिन कुठलंही घ्या, डोक्यावर काय आहे ते सांगा. 1 ऑगस्ट 2025 पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा आदेश निघाला, तर पंपावर मागच्याचं हेल्मेट मागून टाकी भरणारे मी पाहिले. आपल्या घरातलीच पोरं!

महू नाका
काका, विषय काय, तुमचं काय चाललंय? शहरात 30 च्या वेगाने चालवणाऱ्याला कसलं हेल्मेट? उन्हाळ्यात डोकं उकडून निघतं.

सुदामा नगरची सून
30 चा वेग? माझा धाकटा भाऊ पलासियाला 30 नेच चालला होता. कुत्रं आडवं आलं. डोकं दुभाजकावर आपटलं, हेल्मेटला तडा गेला, तो उठून उभा राहिला. उन्हाचं मला सांगू नका.

जुना इंदूरकर
आणि रस्त्याकडेला मिळते ती प्लास्टिकची टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. जून 2021 पासून आयएसआय खुणेशिवायचं विकणंच बेकायदा आहे. लाखांची गाडी घेता आणि हेल्मेटसाठी घासाघीस करता, याचा मला संताप येतो.

महू नाका
बरं बाबा, हेल्मेट घालतो, सगळे मिळून अंगावर येऊ नका! पण 350 चं माझं मत तेच.

रामबागकर
असू द्या. एक मात्र करा, पुढच्या नवशिक्याला सल्ला देताना त्याची उंची, वजन आणि रोजचा रस्ता आधी विचारा. भाचा रोज भंवरकुआँला क्लासला जातो, मानपूर घाटात नाही. रविवारी त्याला 160 वर बसवून बघतोय. ताई, सीटची उंचीही मोजून घेईन.